जावयाचं सागवानी धनुष्य

“मामाजी, खरं सांगा. कसं वाटतंय?”

मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर मी धनुष्याचा आकार काढला होता आणि तो सासऱ्यांपुढे धरला होता. साधं धनुष्य नव्हे. मधे मूठ, दोन्हीकडे निमुळते होत गेलेले हात आणि शेवटी दोन्ही टोकं पुढच्या बाजूला उलटी वळलेली. मामाजींनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले,

“बेस हाये, बापू. लय बेस.”

“काही बदलायला हवं का?”

“तुमी काढलं म्हनल्यावर काय बदलवा लागते?” एवढं बोलून ते उठले. “पानी आनू का तुमाले?”

परतवाड्याच्या त्या घरात अडीच वर्षांत मी जे जे केलं ते ते बेस होतं. एका दिवाळीला मी प्रवासाच्या घाईत सदरा उलटा घालून दारात उतरलो, तेव्हाही मामाजी म्हणाले होते, “बेस दिसून राह्यलं बापूले.” शिवण बाहेर आहे हे मला संध्याकाळी बायकोने सांगितलं, तेही शेजारच्या चार घरी मी चहा पिऊन आल्यावर.

आता या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा मी नाशिकच्या एका ओतकाम कारखान्यात लाकडी नमुने करत असे. पंपाचं, गिअरचं, कशाचंही बिडाचं ओतकाम करायचं तर आधी तसाच लाकडी नमुना लागतो, आणि तो अर्ध्या मिलिमीटरनेही चुकून चालत नाही. जातीने सुतार, वर आयटीआयचा शिक्का, त्यामुळे आपल्याइतकं लाकूड कुणाला कळत नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. फक्त एका माणसापुढे ती जरा डळमळायची. उकर्डाजी कळसकर, म्हणजे माझे सासरे. तरुणपणी ते दमण्या, म्हणजे छताच्या हलक्या बैलगाड्या, करत. त्यांच्या दमणीचं चाक दहा-दहा वर्षं करकरत नसे म्हणतात. दमण्या बंद पडल्या तसे ते आरागिरणीत लागले. तिथला मालक लिलावात ओंडका घ्यायच्या आधी त्यांना बरोबर न्यायचा. मामाजी ओंडक्यावर बोटाने टिचकी मारत आणि मान हलवत. त्या मानेवर हजारोंचा सौदा व्हायचा किंवा मोडायचा.

अशा माणसाकडून मला एक खरा शब्द हवा होता. बेस नको, खरा. पण जावयाला खरं सांगायची त्या घरात पद्धत नव्हती. मी आलो की पाट, तांब्या, पंचा, आणि मामाजी दाराशी उभे. मी बसल्याशिवाय ते बसत नसत. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, डोक्यावरचा पदर सावरत माझ्याशी बोलायच्या त्याही माझ्या बायकोमार्फत, शकूमार्फत. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेलो असायचो आणि त्या मुलीला सांगायच्या, “त्याइले म्हना, अजून एक पोळी घ्या.” शकू माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणायची, “अजून एक पोळी घ्या.” मी शकूला सांगायचो, “नको म्हणावं.” असा आमचा तिघांचा संवाद चाले.

त्या वर्षी अधिक वैशाख आला. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. धोंड्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्यामुळे माझ्या मानाला काही सीमाच राहिली नाही. कारखान्यातून बारा दिवसांची रजा काढून मी विष्णू व्हायला परतवाड्याला आलो.

धनुष्याचं निघालं ते दुसऱ्या दिवशी जेवताना. शकू अमरावतीला कॉलेजात असताना तिरंदाजी करायची. बांबूच्या धनुष्यावर. जिल्ह्यात पहिली आली होती, पण हे मला लग्नानंतर वर्षभराने एका पेटीत पितळी पदक सापडलं तेव्हा कळलं. त्या दिवशी ती आईला सांगत होती, “एका स्पर्धेत बाहेरगावची पोट्टी आली होती. तिच्याजवळ लाकडाचं धनुष्य होतं, उलट्या टोकाचं. तिनं मले एकदा ओढू देल्लं. माय, असं वाटलं का हा हात माह्याच हाये, फक्त लांब झाला.”

हे मला सांगितलेलं नव्हतं. पण मी ऐकलं. नाशिकला दोन खोल्यांत स्टोव्ह पंप करणारी बायको, आणि तिला कधीतरी असं वाटलं होतं. मी तोंडातला घास गिळायच्या आत म्हणालो, “चार दिवसांत करून देतो.”

“तुम्ही?” शकू म्हणाली.

नुसतं एवढंच. पण त्या ‘तुम्ही’ला असा काही खालचा सूर होता, की मी उष्ट्या हाताने उठून पुठ्ठा शोधायला गेलो.

“लाकूड कोणतं घेऊ, मामाजी? सागवान घेऊ ना?”

मामाजींचा हात मिशीपर्यंत जाऊन थांबला. “सागवान?” ते म्हणाले. मग मामींकडे पाहिलं. मामींनी स्वयंपाकघराच्या दारातून अशी काही मान हलवली की मामाजी लगेच म्हणाले, “हो, हो. तुमाले त सागवानच पायजे.” आणि आढ्यावर जपून ठेवलेली जुन्या सागवानाची फळी त्यांनी स्वतः शिडीवर चढून काढली. देवघराच्या दारासाठी ठेवली होती ती. तिच्याशेजारी सालीसकट चिरलेलं एक राखाडी, वाकडंतिकडं लाकूड पडलं होतं.

“ते काय आहे?”

“ते धामन हाये, बापू. कावडीचं, कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड. ते काई तुमाले द्याचं नाई.”

मी आरागिरणीत गेलो. पुठ्ठा फळीवर ठेवून रेघ मारली आणि पट्ट्याच्या करवतीवर ते धनुष्य बिस्किटासारखं कापून काढलं. दोन्ही हात सारखे, टोकांची वळणं सारखी. अंगणात छपराखाली खाट टाकून मी चार दिवस रंधा, कानस आणि काचकागद चालवला. खिशात कारखान्यातला व्हर्नियर होता. दर वीतभर अंतरावर जाडी मोजायची, वहीत लिहायची, घासायचं, पुन्हा मोजायची.

मामाजी गिरणीतून आले की समोर उकिडवे बसत. माझ्या हातातल्या वळणाकडे बघत. तोंड उघडत. मी मोठ्या आशेने वर बघे.

“पानी आनू का?” ते विचारत.

तिसऱ्या दिवशी मी एवढं पाणी प्यालो होतो की कामात खंड पडू लागला. शकू दारात भाजी निवडत बसलेली असायची. ती म्हणाली, “बाबांच्या घशात काहीतरी अडकलंय. पाणी त्यांनाच पाजा.”

“त्यांना आवडतंय काम,” मी म्हणालो.

“विचारलंत?”

“रोज विचारतो. रोज बेस म्हणतात.”

“तुमचा उलटा सदराही बेस होता,” शकू म्हणाली आणि मेथीची जुडी घेऊन आत गेली.

चौथ्या दिवशी मी पॉलिश केलं. पॉलिशचे तीन हात. सागवानाच्या रेघा अशा खुलल्या, की धनुष्य हातात घेऊन मी स्वतःच्याच प्रेमात पडायचा बाकी राहिलो.

पाचव्या दिवशी धोंड्याचं जेवण होतं. सकाळी मला पाटावर बसवून मामाजींनी परातीत माझे पाय धुतले. त्या हातांना घट्टे होते, आणि ते हात माझ्या पायांवरून असे हळू फिरत होते की मला कुठे बघावं ते कळेना. मग ताटात दिवा आणि तेहतीस अनारसे. पुरणाचे धोंडे झाले, तूप झालं, शेजारपाजारची पाचसात माणसं जेवून ओसरीवर टेकली. मी घाईत दोनच घास खाऊन उठलो आणि धनुष्य बाहेर आणलं.

अंगणाच्या टोकाला कडबा भरलेलं पोतं उभं केलं होतं. दोरी चढवताना धनुष्य कडक लागलं, गुडघ्याचा जोर द्यावा लागला, पण चढली. शकूने पदर खोचला. बाण लावला. ती उभी राहिली आणि एकदम वेगळीच दिसली. खांदे खाली, हनुवटी वर, स्टोव्ह पंप करणारी बाई ही नव्हेच. तिने दोरी ओढायला सुरुवात केली. धनुष्याचं वरचं टोक तिच्या कपाळाच्या जरा वर होतं.

“अबे ठेव ते खाली!”

कोण ओरडलं ते आधी कुणाला कळलंच नाही. मामाजींचा आवाज एवढा असतो हे त्या घराला ठाऊक नसावं. ते ओसरीवरून उडी टाकून आले, शकूच्या हातातून धनुष्य हिसकलं, आणि माझ्याकडे वळले.

“गाढवा! अक्कल हाये का तुले? पोरीचा डोया फोडतं का? हे सागवान हाये! अन् वयनावर लाकडाची नस कापली तू, नस! हे वाकते का? हे पाय!”

त्यांनी धनुष्याचं पोट, म्हणजे दोरीकडची बाजू, उंबऱ्याच्या दगडाला लावलं, दोन्ही हातांनी दोरीसकट ओढलं. ज्या ताणाला शकूने बाण सोडला असता तिथवरही ते पोचलं नाही. बंदुकीसारखा आवाज झाला. वरचं टोक वळणातच तुटलं, सणसणत ओसरीवर गेलं आणि अनारशांच्या ताटाशेजारचा पितळी तांब्या उडवून भिंतीवर आपटलं. भिंतीच्या चुन्याला बोटभर खड्डा पडला.

तांब्या गडगडत अंगणात आला आणि माझ्या पायाशी थांबला.

“माय वो!” मामी किंचाळल्या. पदर डोक्यावरून घसरला होता. “जवायाले गाढव म्हनलं! धोंड्याच्या महिन्यात!”

मामाजींनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. तुकडा त्यांनी खाली ठेवला, हळूच, काचेचा असावा तसा, आणि टोपी न घालताच फाटकाबाहेर निघून गेले.

माणसं पांगली. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. मी भयंकर रागावलोय असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं. खरं तर तो भिंतीतला खड्डा मला शकूच्या कपाळावर दिसत होता. आणि त्याच्या खाली, अगदी खाली, आणखी एक गोष्ट होती, तिची मला फार लाज वाटली. मला बरं वाटत होतं. माझा बाप मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला असताना गेला. तो काम शिकवताना पट्टी फेकून मारायचा आणि गाढव म्हणायचा. त्यानंतरच्या बारा वर्षांत साहेब म्हणाले, मिस्त्री म्हणाले, बापू म्हणाले. गाढव कुणी म्हटलं नव्हतं.

थोड्या वेळाने शकू ताट घेऊन आली.

“आईने पाठवलंय. तुम्ही बॅग भरताय का ते बघून ये म्हणाली.”

“मी भरत नाहीये.”

“मग जेवा.”

“लाज वाटते.”

“वाटू द्या थोडी. कधीतरी वाटावी.” ती समोर बसली. मी तिच्या कपाळाकडे बघत होतो. तिने माझा हात धरून स्वतःच्या कपाळावर ठेवला. “आहे ना जागेवर? जेवा आता.”

“तुला माहीत होतं तुटणार ते?”

“मला धनुष्य ओढता येतं. लाकूड कळत नाही. लाकूड कळणारे या घरात दोघंच होते,” ती म्हणाली, “एकाला बोलता येईना, दुसऱ्याचं मोजणं संपेना.”

“त्यांनी पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“काय सांगायचं? की जावयाला सागवान नको, कावडीचं लाकूड द्या? गल्लीत आईला तोंड दाखवायला जागा राहिली असती का? आणि तुम्ही तरी ऐकलं असतंत? नाशिकचे साहेब.”

संध्याकाळी उन्हं कलल्यावर मामाजी आले. अंघोळ केलेली, डोक्यावर टोपी, हातात नारळ आणि नवा टॉवेल. मागे मामी. मामाजींची मान वर येत नव्हती. “चुकलं, बापू,” ते म्हणाले. “धोंड्याच्या महिन्यात तोंडातून भलतंच गेलं. माफ करा.” आणि साठ वर्षांचा तो माणूस माझ्या पायांशी वाकला.

मी त्यांचे दंड धरले. ‘असू द्या, मामाजी’ एवढं म्हणायचं की झालं. शब्द ओठांवर आलाही होता. पण तो बोललो असतो तर नारळ घ्यावा लागला असता, आणि नारळ घेतला की मी पुन्हा पाटावर. मग जन्मभर पाट, तांब्या आणि बेस. मला ते स्वच्छ दिसलं, आणि मी कधी नव्हे तो सासरी उद्धट झालो.

“माफ करणार नाही,” मी म्हणालो.

मामींनी भिंत धरली.

“दुपारी तुम्ही अर्धंच बोललात,” मी म्हणालो. “सागवान चुकलं, नस कापली, एवढंच कळलं. आणखी काय काय चुकलं ते सांगा. सगळं. मग नारळ घेतो.”

मामाजी माझ्या तोंडाकडे बघू लागले. ओंडका बघतात तसे.

“सांगू?”

“सांगा.”

“लागन बरं, बापू.”

“लागू द्या.”

त्यांनी नारळ मामींच्या हातात दिला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि भिंतीला टेकून बसले. मी उभा असताना ते आधी बसले, ही त्या घरातली पहिलीच वेळ. “पहिलं म्हनजे,” ते म्हणाले, “लाकडाले कधी इचारलंच नाई तुमी. पुठ्ठ्याले इचारलं. करवतीनं वयन कापलं, म्हनजे नस अर्ध्यातच तुटली. वयन कापाचं नसते, वाफेवर वाकवाचं असते. दमनीची कमान काय आमी कापून गोल करत होतो? दुसरं, तो चिमटा. सगया जागी जाडी सारखी मोजली. लाकूड काय सगया जागी सारखं असते? कुठं नरम, कुठं कडक. डोयानं पाहावं लागते कुठं वाकते अन् कुठं नाई. अन् पालिश!” इथे त्यांचा आवाज चढला. “अजून वाकवून नाई पाह्यलं अन् पालिश! नवरी ठरली नाई अन् मुंडावया!”

शकू दारामागे हसली. मामी तिला दटावायला गेल्या आणि त्यांचंही हसू फुटलं. मामाजी मात्र आता थांबायला तयार नव्हते. चार दिवसांचं नव्हे, अडीच वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं.

“अन् मांगच्या दिवाळीले तुमी पाट करून देल्ला ना, त्याचा एक पाय आखूड हाये. आमी खाली चिंधी ठेवतो.”

“मला कधी दिसली नाही चिंधी!”

“तुमी आले का तुमाले दुसरा पाट देतो,” मामी म्हणाल्या. मला. सरळ माझ्याकडे बघून.

मी नारळ घेतला. दुसऱ्या दिवशी कारखान्याला रजा वाढवून हवी म्हणून तार केली. कारण लिहिलं, ‘सासरे अस्वस्थ.’ खोटं नव्हतंच ते.

मग धामण खाली आली. करवत नाही, रंधा नाही. मामाजींनी लाकडाच्या डोक्यात पाचर बसवली आणि घणाचे ठोके देत ते फाडलं. जिकडे नस गेली तिकडे फाट गेली. सालीखालचं पहिलं कवच धनुष्याच्या पाठीला जसंच्या तसं राखायचं, त्याला ओरखडाही पडू द्यायचा नाही, सगळं घासायचं ते पोटाच्या बाजूने. एका जागी गाठ होती. मी ती सपाट करायला वाकस उचलला आणि मनगटावर फाडकन चापट बसली.

“गाठीले हात लावू नको. तिच्या बाजूनं जाय.”

“वाकडं दिसेल.”

“दिसू दे. तुले पाहाचं हाये का चालवाचं?”

दुसऱ्या दिवशी मी सवयीने व्हर्नियर काढला. मामाजींनी तो माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकला.

टोकं वाकवायला वाफ हवी होती. मामींचा अनारशांचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, चुलीवर चढला, त्यावर पोतं गुंडाळलं, आणि मामी घटकेघटकेला येऊन विचारू लागल्या, “गंजाले बुड राहीन ना?” वाकवलेली टोकं बांधून ठेवायला लाकडी साचा लागतो. तो मी केला, डोळ्यांनी. मामाजींनी त्यावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

“साचा बरा हाये,” ते म्हणाले.

नुसतं बरा. मी त्या रात्री जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

धामणीची टोकं साच्यावर करकचून बांधून वैशाखाच्या उन्हात तीन दिवस पडून राहिली. सोडली तेव्हा वळण तसंच राहिलं. मग खरं काम सुरू झालं. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्य आडवं टांगायचं, दोरी खाली ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं. कुठला हात आळशी आहे, कुठला जास्त वाकतो. जो कडक असेल त्याच्या पोटावरून फुटक्या बाटलीची काच फिरवायची. चार वेळा फिरवली की पुन्हा टांगायचं. मी ओढायचो, मामाजी बघायचे. मग ते ओढायचे आणि मी बघायचो, आणि चुकीच्या जागी बोट दाखवून शिव्या खायचो. त्यांच्याजवळ बैलांसाठी ठेवलेल्या शिव्यांचा मोठा साठा होता, आणि बैल विकल्यापासून तो नुसता पडून होता.

परत निघायच्या आदल्या सकाळी शकूने ते पहिल्यांदा ओढलं. आधी अर्धं. मग पाऊण. मामाजी तिच्या बाजूला इतके जवळ उभे होते की तुटलंच तर आधी त्यांना लागावं. शकूने श्वास घेतला आणि दोरी थेट हनुवटीपर्यंत आणली. धामण चूं न करता वाकली. बाण सुटला, पोत्यातून आरपार गेला आणि मागच्या कुडाला जाऊन रुतला. तिने दुसरा बाण लावला. मग तिसरा. पाचव्या बाणानंतर ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण माझ्याशी बोलताना तिने ते कुठेच दिसू दिलं नाही.

“दिसायला मात्र आधीचं छान होतं हं,” ती म्हणाली.

“खालचा हात अजून थोडा कडक हाये,” मामाजी म्हणाले. “आन इकडं.”

आम्ही पुन्हा छपराखाली बसलो. मी फाटक्या बनियनवर, अंगभर भुसा, केसांत भुसा, दोन्ही गुडघ्यांत धनुष्य धरून काच फिरवत होतो. इतक्यात फाटक वाजलं. आरागिरणीचे मालक आले होते, पांढऱ्या कपड्यांत, हातात पेढ्यांचा पुडा. धोंड्याच्या जेवणाला त्यांना येता आलं नव्हतं.

“उकर्डाजी, जवाई आले म्हनतात. जाच्या आधी भेटून जावं म्हनलं. कुठं हायेत?”

मी उठायला लागलो. मामाजींचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि मी होतो तिथेच बसलो.

“जवाई आतमंदी हायेत,” मामाजी म्हणाले. “बसा. चहा टाकतो.”

मालक खाटेवर बसले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, धनुष्याकडे पाहिलं, आणि भुवया उंचावल्या. “हा कोन? गिरनीत त कधी दिसला नाई.”

“हा माह्या हाताखालचा हाये.”

“नवा दिसते.”

“नवाच हाये,” मामाजी म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली काच जराशी तिरपी करून दिली. “हात जड हाये त्याचा. पन नस समजाले लागली आता. राह्यला माह्याजवळ, त होईन सुतार.”

स्वयंपाकघराच्या दारात शकू पदर तोंडात कोंबून उभी होती. मी मान वर केली. मला मालकांना नमस्कार करायचा होता, की मामाजींचं तोंड बघायचं होतं, मला आजही सांगता येणार नाही.

“इकडंतिकडं काय पाह्यतं?” मामाजी म्हणाले. “हात चालव.”

मी हात चालवला.